बी.एस्सी. नर्सिंग सीईटी: बहिणीले ६१ पर्सेंटाइल, सरकारी भेटन का? अन् बंगलोरवाला एजंट

आर्णीवाला
नमस्कार मंडळी. माह्या लहान्या बहिणीचा बी.एस्सी. नर्सिंग सीईटीचा रिझल्ट लागला, ६१.४ पर्सेंटाइल आले. बारावी सायन्स, पीसीबीत ५८ टक्के, मराठी मीडियम दहावीपर्यंत. आम्ही कुणबी, ओबीसीत येतो, जातीचा दाखला आहे पण त्याची पडताळणी म्हणजे व्हॅलिडिटी काढेल नाही. आता काय करावं समजून नाही राहिलं. बाबा गावात सांगून राहिले का पोरीले ६१ मार्क पडले, फर्स्ट क्लास आहे, सीट पक्की. कोनी म्हनते इतक्यात सरकारी भेटतच नाही, जीएनएमचा डिप्लोमा करून टाका. अन् ज्या नेट कॅफेत फॉर्म भरला त्यानं एका माणसाचा नंबर देल्ला, तो म्हनते बंगलोरले सीट बुक करून देतो, परीक्षेचे मार्क कोनी पायत नाही, पयले ओरिजिनल टीसी अन् मार्कशीट द्या अन् बुकिंगचे पैसे टाका. बाबा त्याच्या बोलण्यात येऊन राहिले. सोयाबीन अजून वावरातच आहे, पैसे उचलायचे म्हणजे कृषी केंद्रवाल्याकडूनच. पोरीची इच्छा नर्सिंगचीच आहे, आजी वर्षभर खाटेवर होती तं सारं तिनंच केलं, बेडसोर होऊ नाई देल्ला. घाईत काही चुकीचं होऊ नये म्हणून विचारून राहिलो.

नाईट_ड्यूटी
दादा, ओरिजिनल कागद कोणाच्याच हातात देऊ नका, बाकी सगळं नंतर. मी घाटंजी तालुक्यातली, आता नागपूरला स्टाफ नर्स आहे.

बाबांना नीट समजावून सांगा, ६१ पर्सेंटाइल म्हणजे ६१ मार्क नाही. पेपर १०० मार्कांचा असतो, फिजिक्स केमिस्ट्री बायोलॉजी इंग्लिश अन् नर्सिंग अॅप्टिट्यूड, प्रत्येकी २० प्रश्न, निगेटिव्ह मार्किंग नाही. पर्सेंटाइल सांगतो की तिच्या शिफ्टला जेवढी मुलं बसली त्यातली ६१ टक्के तिच्या बरोबरीला किंवा मागं आहेत. प्रत्यक्ष मार्क त्याहून कमी असू शकतात आणि त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. वेगवेगळ्या शिफ्टला वेगळे पेपर म्हणून हा हिशोब करतात.

आयएनसीच्या (इंडियन नर्सिंग कौन्सिल) नियमात पात्रता आहे ओपनला ५० पर्सेंटाइल, एससी एसटी ओबीसीला ४०. बारावी पीसीबी अन् इंग्लिश मिळून ओपनला ४५ टक्के. म्हणजे तुमची बहीण राखीवमधूनच नाही, ओपनमधूनसुद्धा पात्र आहे. फक्त पात्र असणं वेगळं अन् सरकारी सीट लागणं वेगळं, सरकारी सीटा थोड्या आहेत. परीक्षा घेणाऱ्या सीईटी सेलच्या साईटवर मागच्या वर्षीच्या राऊंडच्या कटऑफ लिस्ट असतात, कॉलेजवार कॅटेगरीवार, त्या डाउनलोड करून बसा. फोनवर कोण काय म्हणते त्यापेक्षा ती लिस्ट खरी.

सोयाबीन_तूर
भाऊ मी बाप म्हणून सांगतो, बंगलोरच्या भानगडीत पडू नोको. माह्या पोरीले असंच नेलं. इथून सांगतलं हॉस्टेल मेस सारं धरून इतके, तिथं गेल्यावर लायब्ररीचे वेगळे, युनिफॉर्मचे वेगळे, क्लिनिकलले न्यायच्या बसचे वेगळे. हॉस्पिटल कॉलेजचं स्वतःचं म्हणे, पाहाले गेलो तं कुलूप. पोरगी रडू रडू फोन करे. परत आनाले गेलो तं ओरिजिनल कागद द्यायले तयार नाई, चारही वर्षाची फी भरा म्हने. कसंबसं करून कागद सोडवले, एक एकर गहाण गेलं. कॉलेजचं नाव नाही घेत, पोरीले त्रास नोको. तिथले सारेच कॉलेज तसे नसतील, चांगले बी असतील, पन ज्याले एजंट लागते तिथं आपल्यासारख्याचं काम नाही. बाबाले माह्याशी बोलू दे पायजे तं, मी इथं आहोच.

झेडपी_गुरुजी
आर्णीवाले, सीट लागेल तेव्हा लागेल, पण तुमच्या लिखाणातली सगळ्यात मोठी अडचण एका वाक्यात दडलेली आहे, "व्हॅलिडिटी काढेल नाही". दरवर्षी आपल्या भागातल्या पोरी मार्कांमुळे कमी अन् या एका कागदामुळे जास्त मागं राहतात हे मी डोळ्यांनी पाहतो. अकरावी-बारावी सायन्सला असतानाच कॉलेजमार्फत अर्ज करता येतो, पण कोणी सांगत नाही, अन् मग राऊंड लागला की तहसीलमध्ये रांगा.

ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा जातीचा पुरावा लागतो, बापाकडच्या रक्तनात्यातला. (वाचणाऱ्या इतरांसाठी: एससीला १० ऑगस्ट १९५०, एसटीला ६ सप्टेंबर १९५०, व्हीजेएनटीला २१ नोव्हेंबर १९६१.) आजोबा, पणजोबा, आजोबांचे सख्खे भाऊ, कोणीही ज्या शाळेत गेले असतील त्या शाळेत जा आणि दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा मागा. शाळेत कोणी गेलंच नसेल तर तहसीलच्या रेकॉर्ड रूमला कोतवाल बुकाची नक्कल मिळते, जन्म-मृत्यूच्या नोंदीत जात लिहिलेली असते. आणि घरात चुलत्याकडे, चुलतभावाकडे कोणाकडे आधीच व्हॅलिडिटी निघालेली असेल तर काम फारच सोपं होतं, ती आधी शोधा. अर्ज ऑनलाइन आहे, नंतर हार्ड कॉपी यवतमाळच्या समितीकडे, सोबत वंशावळीचं शपथपत्र.

आर्णीवाला
गुरुजी, मोठ्या काकाचा पोरगा पोलिसात लागला तेव्हा त्यानं काढली होती असं आई म्हनते! त्याले फोन लावतो. आजोबा चौथी शिकेल होते, आमच्याच गावच्या शाळेत.

मूलची_मुलगी
मी बी.एस्सी. थर्ड इयरला आहे, चंद्रपूर जिल्ह्यातली. माझं पर्सेंटाइल काही भारी नव्हतं, तरी कॅपमधून, म्हणजे सीईटी सेलच्या प्रवेश फेऱ्यांतून, सीट लागली. ताईला सांगा प्रेफरन्स लिस्ट स्वतः बसून भर, नेट कॅफेवाल्याला भरू देऊ नको. माझ्या रूममेटचं काय झालं ते सांगते. तिच्या फॉर्मला कॅफेवाल्याने आपलाच मोबाईल नंबर अन् आपलाच ईमेल टाकून ठेवला होता, ओटीपी त्याच्याकडे, पासवर्ड त्याच्याकडे. तिला सीट लागली ते मेसेज त्याच्या फोनवर गेले अन् तो लग्नाला गेला होता बाहेरगावी. रिपोर्टिंगची तारीख निघून गेली. नंतरच्या राऊंडला लांबचं कॉलेज मिळालं. आजच्या आज लॉगिन करून नंबर कोणाचा आहे ते बघा.

अन् लिस्टमध्ये जे कॉलेज सगळ्यात जास्त पाहिजे ते सगळ्यात वर टाका, लागो न लागो. लोक सांगतात वर मोठं नाव टाकलं तर खालचं पण जाते, असं काही नसते. सिस्टम वरून खाली बघत येते अन् तुमच्या मेरिटला जे पहिलं बसेल ते देते. फक्त जिथे जायचंच नाही ते कॉलेज टाकू नका. आणखी एक, सीट लागून जॉईन झाल्यावर स्टेटस रिटेन्शनचा फॉर्म पुढे करतात, तो भरला की पुढच्या राऊंडमध्ये वरचं कॉलेज मिळायचा चान्स संपतो. घाईत सही करू नका, ब्रोशर वाचून करा.

वैनगंगेकाठी
जीएनएमबद्दल कोणी बोललं नाही म्हणून बोलतो. मी जीएनएम केलेला ब्रदर आहे, गडचिरोली जिल्ह्यात नोकरी. लोक जीएनएमला कमी समजतात ते बरोबर नाही. तीन वर्षांचा कोर्स, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन मिळतं, स्टाफ नर्सच्या जागांना अर्ज करता येतो, नंतर पोस्ट बेसिक बी.एस्सी. दोन वर्षांत करता येतं. सायन्स नसलेल्या पोरांनाही घेतात. आमच्या गावातली बारावीची पोरं आर्ट्सची, त्यांना बी.एस्सी. नर्सिंगचं दारच बंद, जीएनएमनंच उभं केलं.

नाईट_ड्यूटी
जीएनएम कमी नाहीच, माझ्या वॉर्डातल्या सगळ्यात हुशार सिस्टर जीएनएमच्या आहेत, अन् आयव्ही लावायला हात कोणाचा चांगला ते डिग्रीवर ठरत नाही. पण या मुलीचं बघा. पीसीबी आहे, सीईटी दिलेली आहे, दोन्ही अटीत बसते. एम्सची नर्सभरतीची नॉरसेट परीक्षा देताना बी.एस्सी.वाल्यांना अनुभव लागत नाही, जीएनएमवाल्यांना ५० बेडच्या हॉस्पिटलचा २ वर्षांचा अनुभव लागतो. पुढं एम.एस्सी., शिकवायचं असेल तर तेही बी.एस्सी.वरून सरळ. चार वर्षं अन् तीन वर्षं, फरक एका वर्षाचा, त्यासाठी हातातली संधी सोडू नये असं माझं स्पष्ट मत. जीएनएमचा फॉर्मही भरून ठेवा, त्याची नोटीस वेगळी निघते, दोन्ही दारं उघडी ठेवा.

वैनगंगेकाठी
हे पटलं. मी फक्त एवढंच म्हणत होतो की नाही लागलं बी.एस्सी. तर पोरीनं घरी बसून वर्ष घालवू नये, अन् पैसे भरून मॅनेजमेंट कोट्यात (कॉलेज स्वतः भरते त्या सीटांत) तर अजिबात जाऊ नये.

नाईट_ड्यूटी
मॅनेजमेंट कोट्याचं बोललात म्हणून फीचा मुद्दा सांगते, हे बाबांना वाचून दाखवा दादा. ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय आहे, ओबीसी, एसईबीसी अन् ईडब्ल्यूएस मधल्या मुलींना, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर व्यावसायिक कोर्सची ट्यूशन फी अन् परीक्षा फी पूर्ण माफ. आधी अर्धी होती, २०२४-२५ पासून पूर्ण. खाजगी कॉलेजला पण लागू, पण प्रवेश कॅपमधूनच झालेला पाहिजे. मॅनेजमेंट कोटा नाही चालत, खाजगी अभिमत विद्यापीठ नाही चालत, अन् बंगलोर तर नाहीच नाही. म्हणजे एजंटला पैसे देऊन तुम्ही जी सीट घेणार तिची फी पदरची, अन् इथं कॅपमधून खाजगी कॉलेज जरी लागलं तरी ती फी शासन भरणार. अर्ज शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवर करायचा, दरवर्षी रिन्यू करायचा, आधार बँक खात्याला लिंक पाहिजे.

यात हॉस्टेल, मेस, युनिफॉर्म, पुस्तकं नाही येत. त्यासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या पोरांसाठी, त्याच पोर्टलवर बघा बसता का. खाजगी कॉलेजची ठरलेली फी किती ते शुल्क नियामक प्राधिकरणाच्या साईटवर दिसते, कॉलेजनं त्यापेक्षा जास्त मागितली तर पावती मागा, पावती द्यायला टाळाटाळ केली की काय ते समजून घ्या.

सोयाबीन_तूर
हे जर मले त्या वेळी कोनी सांगतलं असतं. इकडं ग्रामपंचायतीत बोर्डावर लावाले पायजे हे.

पांढरकवडा_स्टँड
नर्सिंगमध्ये आहेच काय पण? माझी वहिनी खाजगी दवाखान्यात आहे, पगार बघून लाज वाटते, रातपाळी वेगळी. सरकारी म्हणाल तर एनएचएमचं (राष्ट्रीय आरोग्य अभियान) कंत्राट, दरवर्षी ऑर्डर रिन्यू होते का नाही याची धास्ती. पोरीला बी.ए. करून एमपीएससीला बसवा.

आशाताई_धारणी
पांढरकवडावाले भाऊ, मी मेळघाटात आशा आहो. आमच्या उपकेंद्राची सिस्टर कोरकू बोलते म्हणून बाया बाळंतपणाले येतात, नाहीतर घरीच होत होतं. पावसाळ्यात नदी आली का गाडी येत नाही, तेव्हा ती एकटी असते अन् टॉर्च धरून मी असतो. तिच्या जागी कोनी बाहेरचं येते अन् तीन महिन्यात बदली करून जाते, हे आम्ही पाहेल आहे. गावची पोरगी सिस्टर होते तेव्हा साऱ्या गावाचं होते. कंत्राटाची गोष्ट खरी आहे, त्यासाठी आम्ही बी मोर्च्याले जातो, पन म्हणून पोरीनं शिकू नये असं नोका म्हणू.

पांढरकवडा_स्टँड
ताई तुमचा मान राखतो. माझा राग पगारावर आहे, कामावर नाही. वहिनी घरी आली की पाय सुजलेले असतात ते बघवत नाही म्हणून लिहिलं.

मूलची_मुलगी
पगाराचं दादा बरोबर बोलले, खाजगीत सुरुवातीला कमीच असतो, ते धरूनच यावं. पण वाटा खूप आहेत. सरकारी भरती, एम्स, रेल्वे, समुदाय आरोग्य अधिकारी. मुलींसाठी मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस आहे, फक्त त्याच्या बी.एस्सी.ला सीईटी नाही, नीटचा स्कोअर लागतो. ताईनं नीट दिली होती का?

आणखी एक सांगते कारण हे कोणी सांगत नाही. पहिलं सेमिस्टर मराठी मीडियमच्या पोरींना जड जातं. अॅनाटॉमी, फिजिओलॉजी, सोशिऑलॉजी, सायकॉलॉजी, नर्सिंग फाउंडेशन सगळं इंग्रजीत, अन् कम्युनिकेटिव्ह इंग्लिश हा विषयच आहे. मी पहिल्या महिन्यात क्लासमध्ये काही बोलतच नव्हती. मग एक वही केली, डाव्या बाजूला इंग्रजी शब्द, उजव्या बाजूला मराठीत अर्थ अन् छोटंसं चित्र, स्कॅप्युला, फीमर, ट्रॅकिया असं करत करत. वॉर्डात पोस्टिंग सुरू झालं की उलटं होतं, तिथं पेशंट आपल्या भाषेत बोलतो. "पोटात कालवून राहिलं", "आंग मोडून राहिलं" म्हणाला की शहरातल्या पोरी आमच्या तोंडाकडे बघतात. तेव्हा मॅडम आम्हालाच हिस्टरी घ्यायला पुढं करतात. ताईला आतापासून बायोलॉजीचं इंग्रजी पुस्तक रोज थोडं वाचायला लावा, राऊंड लागेपर्यंत वेळ आहे.

आर्णीवाला
नीट नाही देल्ली ताई, फॉर्मची तारीख समजलीच नाई.

काल शाळेत गेलो होतो. हेडमास्तर चांगले आहेत, कपाटातून लाल कापडात बांधेल जुनं रजिस्टर काढलं, पानं पिवळी पडेल, कडा वाळवीनं खाल्लेल्या. बोट ठेवू ठेवू वाचत गेले अन् १९५४ च्या पानावर आजोबाचं नाव सापडलं. जातीच्या रकान्यात "कुनबी" लिहेल आहे, न चा. अन् आडनाव लिहेलच नाही, नुसतं आजोबाचं नाव अन् पणजोबाचं. हे चालते का गुरुजी? चुलतभावाची व्हॅलिडिटी बी भेटली, त्याच्यात आडनाव बरोबर आहे.

नेट कॅफेत जाऊन पाहिलं तं मोबाईल नंबर त्याचाच होता. बदलून घेतला, पासवर्ड बी बदलला. मूलच्या ताईचे उपकार आहेत.

झेडपी_गुरुजी
छान काम केलंत. त्या काळी आडनाव न लिहिण्याची पद्धतच होती, घाबरू नका. शपथपत्रात वंशावळ काढताना पणजोबापासून बहिणीपर्यंत अन् त्याच झाडात चुलतभाऊ, असं स्पष्ट दाखवा, म्हणजे दोघांचे आजोबा एकच हे कागदावर दिसेल. "कुनबी" तसंच राहू द्या, उताऱ्यात हेडमास्तरांनी मूळ नोंद जशी आहे तशीच लिहिली पाहिजे, सुधारून लिहून दिलं तर समिती अडवते. उताऱ्यावर गोल शिक्का, जावक क्रमांक, तारीख बघून घ्या. मूळ रजिस्टरच्या पानाची झेरॉक्स साक्षांकित करून जोडा.

नॉन क्रिमिलेअरही बघा, चालू ३१ मार्चला संपणारं नको, प्रवेशाच्या वर्षाच्या पुढच्या ३१ मार्चपर्यंतचं पाहिजे. डोमिसाइल, उत्पन्नाचा दाखला, हे सेतूत आत्ताच टाका. पोळा, गणपती, महालक्ष्म्या सुरू झाल्या की तहसीलमध्ये माणूस सापडत नाही. व्हॅलिडिटीच्या पावतीवर प्रवेश देतात का हे त्या त्या वर्षीच्या नोटीसवर असतं, त्या भरवशावर राहू नका. वेळेत नाहीच आली तर ओपनच्या मेरिटमध्ये नाव राहील, पात्रता आहेच तिची, पण मग ओबीसीची सीट अन् त्यावरची फीमाफी हातची जाईल. म्हणून समितीच्या ऑफिसला स्वतः जाऊन प्रवेशाचं कारण सांगा, सीईटीचं स्कोअरकार्ड सोबत ठेवा.

नाईट_ड्यूटी
लिस्टमध्ये नागपूरचं मेडिकलच्या आवारातलं सरकारी कॉलेज वर ठेवा, सेवाग्रामचं कस्तुरबा बघा, तिथं खेड्याचं पोस्टिंग चांगलं होतं. सेवाग्रामची प्रवेशाची पद्धत त्यांच्या साईटवर वाचून घ्या. त्यानंतर खाजगी टाकताना स्वतःचं हॉस्पिटल आहे का अन् त्यात पेशंट आहेत का, हे प्रत्यक्ष जाऊन बघा. ओपीडीच्या वेळेला जा, दुपारी नको. बाहेर बसलेल्या पोरींना विचारा, डिलिव्हरी केसेस कुठं मिळतात, प्रोसिजर बुक कसं पूर्ण होतं. ज्या कॉलेजच्या पोरी हे सांगताना अडखळतात तिथं चार वर्षं घालवू नका. कॉलेज एमयूएचएस नाशिकला (आरोग्य विद्यापीठ) संलग्न पाहिजे, आयएनसी अन् महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या यादीत पाहिजे, तिन्ही नावं तपासा.

सोयाबीन_तूर
आर्णीवाले भाऊ, बाबा काय म्हनते?

आर्णीवाला
बाबाले सारा धागा वाचून दाखवला. फीमाफीचं ऐकल्यावर पयले तं इश्वासच बसला नाई, दोनदा वाचाले लावलं. तुमचं एक एकराचं वाचलं तेव्हा उठून बाहेर गेले, मंग आले अन् म्हणाले त्या एजंटाचा फोन उचलू नोको. बहिणीचं नाव आता कॅपमध्येच. व्हॅलिडिटीचा अर्ज ऑनलाइन टाकला, सोमवारी यवतमाळले हार्ड कॉपी घेऊन चाललो.

एक राहिलं, ब्रोशरमध्ये मेडिकल फिटनेस सर्टिफिकेट लिहेल आहे, ते कुठून आणाचं? आमच्या गावचे डॉक्टर देतो म्हणाले.

नाईट_ड्यूटी
ब्रोशरच्या शेवटी त्याचा नमुना दिलेला असतो, त्याची प्रिंट काढून न्या अन् त्या नमुन्याप्रमाणेच लिहून घ्या. गावच्या डॉक्टरकडून नको, सरकारी दवाखान्यातून घ्या, मेडिकल ऑफिसरची सही, रजिस्ट्रेशन नंबर अन् शिक्का तिन्ही पाहिजेत. त्याच दिवशी तिथं हिपॅटायटिस बी च्या लसीचं विचारा. नर्सिंगला सुईशी रोज संबंध येतो म्हणून कॉलेज मागतात, तीन डोस असतात, पहिला, महिन्यानं दुसरा अन् सहा महिन्यांनी तिसरा. पहिला आत्ताच घेतला तर वॉर्डात जायच्या आधी निदान दोन झालेले असतील. कार्ड जपून ठेवायला सांगा तिला.